आधी पाणी, मग नाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आज कुणालाच सांगता येत नाही. एका अर्थी बरेच झाले. नाव असते, तर ऐकणारे निवांत म्हणाले असते, ही तर त्या लोकांची गोष्ट, आपला काय संबंध!

एका उंच कातळावर तटबंदीचे एक गाव होते. तेच राज्य आणि तीच राजधानी. गावाच्या पोटात एक झरा होता. वैशाखात खालची नदी आटायची, पात्रात नुसती वाळू उरायची, पण झरा कधी आटला नाही. गावाने पोटभर वापरून उरलेले पाणी तटाच्या मोरीतून बाहेर पडे आणि खाली निवडुंगावर सांडून जाई.

हे गाव वसवणारे सगळेच कुठून ना कुठून पळून आलेले होते. कुणी दुष्काळातून, कुणी लढाईतून, कुणी सासूच्या हातून. म्हणून त्यांनी वेशीवर एक रीत घातली होती. वेशीच्या आत एक बाई रांजण घेऊन बसायची. बाहेरून कुणीही आले, की ती त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, ओंजळीत पाणी घालायची आणि मगच नाव विचारायची. कारण कोरड्या जिभेला नाव सांगवत नाही. नाव कळले, की ती गावाकडे तोंड करून मोठ्याने सांगे, "अमका आला हो!" आणि ऐकेल तो गावकरी, हातातले काम न सोडता, ओरडून म्हणे, "आला, आपला झाला!"

बस. एवढ्यावर माणूस त्या गावचा होई.

गोष्ट घडली तेव्हा रांजणापाशी भिवरा नावाची बाई बसत होती. ती स्वतः नऊ वर्षांची असताना एका अनोळखी बाईच्या पदराला धरून या वेशीत आली होती. ती बाई कोण, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. मात्र टाळूला चिकटलेली जीभ पाण्याने सुटली तो क्षण, आणि "आली, आपली झाली!" असे कुठल्याशा गच्चीवरून ओरडणारा तो न दिसलेला माणूस, हे दोन्ही तिला साठाव्या वर्षीही लख्ख आठवत असे. साऱ्या गावाची ती भिवरामावशी होती.

आणखी एक रीत होती, उंबरठ्याच्या सणाची. वैशाखात एका सकाळी सगळे गाव वेशीबाहेर जाई. राजापासून भंगी-कोतवालापर्यंत सगळे. अनवाणी आणि रिकाम्या हातांनी, कारण पूर्वज तसे आले होते. अंगावरचे दागिने, कमरेच्या कट्यारी, सगळे वेशीतल्या मोठ्या टोपलीत ठेवायचे. आत राहायची फक्त रांजणवाली आणि अंथरुणाला खिळलेली माणसे. बाकीच्यांनी नदीच्या वाळूत तहान लागेपर्यंत बसायचे आणि मग एकेकाने वेशीशी येऊन, गूळ-पाणी घेऊन, स्वतःचे नाव सांगून आत यायचे. आपण बाहेरचे होतो, हे विसरू नये म्हणून.

पण सण म्हातारे होतात. वाळूत दुपारपर्यंत बसायचे ते घटकाभरावर आले. ढोल आले, लेझीम आले. गूळ तेवढा उरला.

अशात उत्तरेच्या खोऱ्यात एक माजलेला सरदार गावेच्या गावे जाळू लागला. तिकडची माणसे वेशीशी येऊ लागली. भिवराचा रांजण दिवसातून दोनदा भरावा लागू लागला. आणि गावात कुजबूज सुरू झाली.

"किती येतात हो!" हलवाई म्हणाला. त्याचा आजा असाच एका रात्री पळत आला होता.

"यांची भाषा ऐकली का? पाण्याला भलतंच काही म्हणतात," कासारीण म्हणाली.

"आपल्यालाच पुरत नाही," सगळे म्हणाले. मोरीतून पाणी तसेच निवडुंगावर सांडत होते. तिकडे कुणी पाहिले नाही.

राजा वाईट नव्हता. आळशी होता, आणि चार लोक मान डोलावतात तिकडे मान डोलावणे त्याला सोयीचे वाटे. अशा राजाच्या हातून जेवढा घात होतो, तेवढा दुष्टाच्या हातूनही होत नसेल. प्रधान मात्र हुशार होता. त्याने भर सभेत भिवराला बोलावून घेतले.

"बाई, यंदा बाहेरून किती माणसं आत घेतलीस?"

"मोजली नाहीत, प्रधानजी."

"मोजली नाहीत!" प्रधान सभेकडे वळला. "ऐकलंत महाराज? राज्याच्या दारात बसलेली बाई म्हणते, मोजली नाहीत."

"तहानलेलं माणूस मोजायचं कसं?" भिवरा म्हणाली. "तुमचे पणजोबा आले तेव्हा माझ्या आधीच्या कुणी त्यांनाही मोजलं नव्हतं."

सभेत कुणीतरी फिस्सकन हसले. प्रधानाचे कान लाल झाले. त्या क्षणी त्याने मनात काय लिहिले असेल ते लिहिले. आठ दिवसांनी दवंडी पिटली गेली.

ऐका हो ऐका! आजपासून वेशीचे मोठे दार बंद. जाणे-येणे फक्त दिंडी दरवाजाने, म्हणजे मोठ्या दारातल्या त्या लहान दारातून, ज्यातून एका वेळी एकच माणूस वाकून जातो. गावकऱ्यांनी तांब्याचा बिल्ला बाळगावा. ज्याच्याकडे बिल्ला नाही आणि जो आसरा मागतो, त्याने आपण खरोखर बेघर झालो याचा पुरावा आणावा. पुरावा म्हणजे कागद. ज्याने त्याला बेघर केले, त्याच्या शिक्क्याचा कागद. कागद पाहिल्यावाचून आत घेऊ नये. कागद पाहिल्यावाचून पाणीही देऊ नये, कारण पाणी मिळाले की माणूस हटत नाही. मोरी बुजवून उरलेले पाणी बागेकडे वळवावे. आणि हा कायदा सर्वांना सारखा. वेशीबाहेरून जो येईल त्या प्रत्येकाला तो लागू, मग तो भिकारी असो की राजा.

शेवटचे वाक्य प्रधानाने मुद्दाम घातले होते. त्याचा त्याला फार अभिमान होता. "कायद्याला डोळे नसतात," तो म्हणायचा, आणि लोकांना वाटायचे, वा! काय न्याय!

बाग प्रधानाचीच होती. केळीची.

तिसऱ्या दिवशी बाविसेक माणसे वेशीशी आली. पुढे हौसा नावाची एक तरणी बाई होती. तिने आपल्या आंधळ्या बापाला पाठुंगळी घेतले होते. मागे तिचा भाऊ एक गाढव हाकत होता. सगळ्यांचे ओठ पांढरे पडले होते. भिवराने सवयीने गुळाचा खडा उचलला, तोच दारवान रखमाजी मध्ये आला. हा रखमाजी वाईट माणूस नव्हता. हेही लक्षात ठेवा. या गोष्टीत वाईट माणसे फार थोडी आहेत.

"कागद दाखवा," रखमाजी म्हणाला.

"कसला कागद, दादा?"

"ज्यानं घर जाळलं त्याच्या शिक्क्याचा. की बाबा, यांचं घर मीच जाळलं."

हौसा आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. तसे हसणे भिवराने आयुष्यात ऐकले नव्हते.

"आमच्याकडं जाळणारा नुसताच जाळतो, दादा. पावती देत नाही."

"मग मी काय करू? कायदा आहे."

"बरं, म्हाताऱ्याला घोटभर पाणी तरी द्या. त्याला डोळे नाहीत, तुमचा कायदा त्याला दिसायचा नाही."

"भिवराबाई, रांजण झाका," रखमाजी खाली मान घालून म्हणाला आणि त्याने दिंडी दरवाजा लावला.

भिवराच्या हातातला गूळ मुठीत विरघळून गेला.

ती माणसे खाली नदीच्या पात्रात करंजाच्या झाडांखाली जाऊन बसली. दिंडी दरवाजाला वीतभर रुंदीचा एक झरोका होता, त्यातून भिवराला ती दिसत. त्यांनी वाळूत झिरा खणला. खोल खड्ड्याच्या तळाशी घटकाभराने ओंजळभर पाणी साठे. बावीस तोंडे आणि एक ओंजळ.

दुसऱ्या दिवशी हौसाचा भाऊ उठला. "मी जातो," तो म्हणाला. "सरदाराकडं जातो आणि कागद मागतो." लोक त्याला अडवत होते. पण आंधळा बाप घशाने घरघरत होता, आणि तो आवाज ऐकत बसून राहणे त्याला जमेना. तो गाढवावर बसून गेला. कागद मागायला गेला हो! ज्याने घर जाळले त्याच्या दारात उभे राहून, "तेवढं लिहून द्या" असे म्हणायला गेला. तटावरून काही गावकऱ्यांनी त्याला जाताना पाहिले. कुणीतरी म्हणाले, "बघा, म्हणजे कागद मिळू शकतो तर."

पाचव्या दिवशी गाढव एकटेच परत आले. त्याच्या गळ्याला हौसाच्या भावाचे मुंडासे बांधलेले होते. कागद नव्हता.

त्या संध्याकाळी भिवराने तटावरून दोरीने घागर सोडली. घागर निम्म्यात पोचली आणि रखमाजी धावत आला.

"अहो भिवराबाई! माझी नोकरी जाईल. पोरंबाळं आहेत मला."

"त्यांनाही आहेत, रखमा."

"मी हुकमाचा ताबेदार. मला का पाहवतं हे? पण एकट्या माझ्या न पाहवण्यानं काय होतंय?" असे म्हणत त्याने दोरी कापली. कापताना तो रडत होता. खाली खापऱ्या झाल्या, ओल्या दगडाला चार माणसे धावत येऊन जीभ लावू लागली, आणि रखमाजीने डोळे पुसले. रडण्याने त्याचे मन हलके झाले. त्यांची तहान नाही.

नवव्या दिवशी म्हातारा गेला. त्यांनी त्याला वेशीपासून शंभर पावलांवर पुरले आणि वर नदीतले गोल गोटे रचले. भिवरा झरोक्यापाशी उभी होती. तिला त्याच्या नावाने रडायचे होते. पण त्याला पाणीच मिळाले नव्हते, म्हणून नाव विचारले गेले नव्हते. तिला त्याचे नावच ठाऊक नव्हते.

त्यानंतर चौथ्या दिवशी उंबरठ्याचा सण आला.

पहाटेपासून ढोल वाजत होते. गाव रांगेने दिंडी दरवाजातून वाकून बाहेर पडू लागले. जाता जाता प्रत्येकाने टोपलीत आपापले सामान टाकले. बांगड्या, कट्यारी, तांब्याचे बिल्ले. बिल्ल्यांचा खच पडला. राजाने बोटातली शिक्क्याची अंगठी काढून टाकली. प्रधानाने सोन्याची साखळी टाकली आणि म्हणाला, "भिवराबाई, यंदा गुळाचे खडे मोठे फोड. मागच्या खेपेस फारच चिमटी होती." शेवटी रखमाजीने दाराची किल्ली तिच्या हाती दिली आणि तोही बाहेर गेला.

भिवराच्या मनात तोवर काहीही नव्हते. ती नेहमीसारखी गूळ फोडत बसली होती. सहज उठून तिने झरोक्यातून पाहिले.

मिरवणूक नदीत पोचली होती. गोट्यांच्या ढिगाला वळसा घालताना लोकांनी नाकाला पदर लावले होते. करंजाच्या झाडांखाली हौसा आणि तिची माणसे बसलेली होती. शिपाई त्यांना उठवत होते. राजाला सावली हवी होती. पूर्वजांची तहान आठवायची तर बसायला सावली नको का? ती बावीस माणसे, नाही, आता वीसच, उठून उन्हात जाऊन उभी राहिली. आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

भिवराने हातातला बत्ता खाली ठेवला. दिंडी दरवाजा लावला. कडी घातली, अडसर सरकवला, किल्ली फिरवली. मग ती रांजणाला टेकून बसली.   तेरा दिवसांचा राग तिच्यात काठोकाठ भरला होता.

घटकाभराने लोक हसत-खिदळत परतले. हलवायाने दारावर थाप मारली.

"मावशी, झोपलीस का? दार उघड!"

"कागद दाखव," आतून आवाज आला.

लोक खो खो हसले. मावशी यंदा थट्टेच्या लहरीत आहे!

"अगं, मी हलवाई! परवाच तुला जिलबी दिली."

"तुला ओळखते रे. पण बिल्ला कुठंय?"

"बिल्ला तुझ्याच टोपलीत आहे की!"

"म्हणजे तुझ्यापाशी नाही. मग ज्यानं तुला बेघर केलं, त्याच्या शिक्क्याचा कागद आण. कायद्याला डोळे नसतात, बाबा. रांजणवालीला कसे असतील?"

हसणे हळूहळू थांबले. मग थापा पडू लागल्या, मग लाथा, मग शिव्या. तटावर चढावे, तर प्रधानाने गेल्याच पंधरवड्यात तटाच्या खोबण्या बुजवून घेतल्या होत्या आणि वर बाभळीचे काटे रचले होते. पाहावे तिकडे काम चोख होते. दार फोडावे, तर कुऱ्हाडी आत गावात. रिकाम्या हातांनी बाहेर पडायची रीत होती ना! वर्षातून एकदा ते मुद्दाम बाहेरून आत येत, पण आपण बाहेरून येणारे आहोत हे कायदा करताना एकालाही सुचले नव्हते.

सूर्य वर आला. वाळू तापली. अनवाणी पाय भाजू लागले. मुले पाणी पाणी करू लागली. मोठी माणसे एकेक करून नदीकडे वळली, झिऱ्याकडे.

झिऱ्यापाशी हौसा बसली होती.

लोक चार पावले दूरच थबकले. तिनेच वाटी भरली आणि कासारणीच्या पोराच्या तोंडाला लावली. मग दुसऱ्या पोराच्या. मग म्हाताऱ्यांच्या, जीभ ओली होईल एवढेच. तिची माणसे चिडून उठली. "हौसा, अगं, यांना? आपल्या तोंडचं?" ती म्हणाली, "पोरांनी कायदा केला नाही." मग रखमाजीची पाळी आली. तो वाटी घेईना. "मी हुकमाचा ताबेदार होतो, ताई," तो पुटपुटला.

"प्या, दादा. तहान तुम्हाला लागलीय. हुकमाला काही घसा नसतो."

प्रधान सगळ्यांत शेवटी आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. पिऊन झाल्यावर सवयीने त्याने आपले नाव सांगायला तोंड उघडले. हौसाने हात वर केला.

"नाव नको. तुमचं नाव मला ठाऊक आहे. बापाच्या मातीपाशी बसून रोज घेते."

दुपार झाली. राजा स्वतः दाराशी आला आणि झरोक्यातून म्हणाला, "भिवराबाई, झालं ते खूप झालं. काय हवं तुम्हाला?"

"मला काही नको, महाराज. कायद्याला कागद हवाय."

प्रधान पुढे घुसला. "तूच दार लावलंस! म्हणजे आम्हाला बेघर तू केलंस. मग कागद तूच लिही!"

"प्रधानजी, रखमानं या लोकांच्या तोंडावर दार लावलं, तेव्हा तो म्हणाला, मी काय करू, कायदा आहे. मीही कायद्यानंच लावलं. आता सांगा, कायदा कुणाचा?"

 सगळ्यांचे डोळे हळूहळू राजाकडे वळले.

झरोक्यातून एक कागद बाहेर आला. मग दौत-लेखणी. मग राजाची अंगठी.

"शिक्का माझ्यापाशी होता, तो हा घ्या. लिहायचं तेवढं तुम्ही लिहा."

राजाने कागद प्रधानाकडे दिला. प्रधानाने लगेच लिहायला घेतले, "या गावच्या रहिवाशांना..."

"तसं चालायचं नाही," भिवरा आतून म्हणाली. "रहिवासी कोण, बाहेरचे कोण? मला इथून नुसती अनवाणी, तहानलेली माणसं दिसतात. एकाच्याही हातात बिल्ला नाही. बाहेर आहेत तेवढी सगळी लिहा."

राजाने कागद परत घेतला. दाराच्या लाकडावर ठेवून त्याने स्वतःच्या हाताने लिहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाच्या माना डोलताहेत का हे न पाहता काही लिहिले. "या नदीपात्रात आज जी जी माणसे आहेत, त्या सर्वांना मी बेघर केले."

तो शिक्का उमटवणार, एवढ्यात मागून हौसा म्हणाली, "आणि गोट्यांखाली आहे तो? आणि कागद आणायला गेला तो?"

राजाने तिच्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. "आणि दोघांना मारले." मग शिक्का उमटवला.

अडसर सरकला. भिवराने दिंडी दरवाजा उघडला आणि सरळ मोठ्या दाराला हात घातला. "ढकला बाहेरून," ती म्हणाली. "वाकून येणं पुरे झालं." पंधरा दिवस बंद असलेले दार कुरकुरत उघडले.

"आधी जे आधी आले ते," भिवरा म्हणाली. गाव बाजूला सरले. हौसा पुढे आली. भिवराने तिच्या हातावर गूळ ठेवला, ओंजळीत पाणी घातले, ती पीत असताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग विचारले, "नाव काय, पोरी?"

"माझं हौसा. पण आधी बापाचं सांगा. दाजीबा. आणि भावाचं, सुभाना."

भिवरा गावाकडे वळली. गावात अंथरुणाला खिळलेल्यांवाचून कोणीच नव्हते, बाकी सगळे गाव तिच्या पाठीशी वेशीबाहेर उभे होते. म्हणून ती पुन्हा फिरली आणि त्यांच्या तोंडांकडे पाहत ओरडली, "दाजीबा आले हो! सुभाना आला हो!"

शेकडो तोंडे उघडली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. "आले, आपले..."

"नाही!" हौसा म्हणाली. ती ओरडली नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. "त्यांना आपलं म्हणू नका. मला म्हणा, या पोरांना म्हणा. त्या दोघांना म्हणायचा हक्क तुम्ही घालवलात."

ती उघडी तोंडे तशीच मिटली. आणि ते मिटणे त्या गावाला फार वर्षे पुरले.

कायदा त्याच दिवशी गेला. मोरी मोकळी झाली, प्रधानाची केळी वाळली. राजाचा तो कागद वेशीवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकला गेला, आणि दर उंबरठ्याच्या सणाला रखमाजी तो मोठ्याने वाचू लागला. दरवेळी त्याचा आवाज शेवटच्या ओळीशी फाटायचा. ढोल बंद झाले. भिवरामावशीनंतर रांजणापाशी हौसा बसली. येईल त्याला तिने गूळ-पाणी दिले, कधी कुणाला मागे वळवले नाही. पण म्हणतात, सणाच्या दिवशी सगळे गाव "आला, आपला झाला" ओरडत असताना ती गोट्यांच्या त्या ढिगाकडे तोंड करून गप्प बसायची. गावाने तिला कधी विचारले नाही, का. आणि गोटे तिथून हलवायचे धाडसही कुणाला झाले नाही.

तात्पर्य: पाण्याआधी पुरावा मागणारा कायदा कितीही नीटनेटका लिहिला, कितीही सारखा लावला, तरी तो खूनच असतो, आणि त्यापुढे मान डोलावणारा प्रत्येक जण त्या खुनाचा वाटेकरी असतो.